ओटीतला रुपया

११ जानेवारी
अबोलीचा साखरपुडा एकदाचा आटोपला. मुलगा यज्ञेश, चेंबूरचा. लेकीने स्वतःच शोधलेला. मला विचारलं ते सगळं ठरल्यावर! असो.

त्याच्या आईने, माणिकताईंनी, ओटीत नारळाबरोबर चांदीचा जुना रुपया घातला. १९४४ चा. "आमच्या आजेसासूबाईंचा. आमच्याकडे प्रत्येक सुनेच्या ओटीत हाच जातो." बायका लगेच कौतुक करायला लागल्या. मी हातात घेतला आणि काहीतरी खटकलं. चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. खोटं माझ्या बोटांना कळतं.

१२ जानेवारी
वडिलांचा १९१९ चा रुपया कपाटातून काढून त्याच्याशेजारी ठेवला. आपला पांढरा, त्यांचा पिवळट. कडेला रेघा आहेत, पण रेघांच्या मधोमध गोल फिरलेली खाच — दोन चकत्या जोडल्यासारखी! वजन मात्र अचूक. खोटं करणारा वजन सांभाळतोच.

नीलम म्हणाली, "अहो, कशाला नसत्या भानगडी? पोरगा चांगला आहे ना." हिला पोरगा दिसतो. मला घर बघावं लागतं.

१५ जानेवारी
स्टेशनजवळच्या सराफाने कसोटीवर घासून पाहिला. "काका, यात चांदी निम्मीच आहे." बस्स! पुढे तो सालाबद्दल काहीतरी सांगत होता, मी थांबलो नाही. खरं लिहायचं तर आनंद झाला. मुलुंडच्या पुलावरून शीळ घालत घरी आलो.

१८ जानेवारी
मायलेकांना घरी बोलावलं. अबोलीला मुद्दाम समोर बसवलं. रुपया टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "निम्मी चांदी, त्यात जोडलेला. सुनेला खोटा रुपया देणारं घर आणखी काय काय खोटं देईल?"

माणिकताई म्हणाल्या, "भाऊ, माझ्याही ओटीत हाच घातला होता हो," एवढंच. मी म्हटलं, "मग तुम्हालाही फसवलंय." यज्ञेश उठला — "काका, आईशी असं बोलायचं नाही." तेव्हा अबोली त्याला म्हणाली, "अरे, पण तुम्ही एकदा तरी तपासून घ्यायचा ना."

तिथेच संपलं. बाईंनी रुपया पर्समध्ये टाकला. रडता रडता त्यांना चेन लावता येईना. कोणीच मदत केली नाही. मीही नाही.

२० जानेवारी
अबोलीने त्याचा नंबर ब्लॉक केला. शहाणी पोर. जेवत नाही, ते जेवेल हळूहळू.

९ फेब्रुवारी
संध्याकाळी यज्ञेश बिल्डिंगच्या गेटवर उभा. हातात छापलेला कागद. १९४० पासून सरकारनेच रुपयातली चांदी निम्मी केली होती. आणि कडेची ती खाच टांकसाळीनेच पाडलेली — नकली नाणी करता येऊ नयेत म्हणून! दोनदा वाचलं. चौतीस वर्षांचा कॅशियर, आणि हे पोर मला शिकवणार!

"काका, आईची माफीबिफी काही नको. फक्त अबोलीला हे दाखवा."

कागद घडी करून खिशात घातला. म्हटलं, "तिचं ठाण्याला जमलंय. आता तिला त्रास देऊ नकोस." धडधडीत खोटं. आईच्या रुपयासाठी पुरावा आणणाऱ्या मुलाने माझ्या शब्दाला मात्र पुरावा मागितला नाही. "बरं," म्हणाला आणि गेला. कागद जिन्यातच फाडला. लाज वाटली. पण वर जाऊन सांगण्याएवढी नाही.

१० फेब्रुवारी
ठाण्याचं स्थळ बघायला घेतलं.

२ मार्च
ठाण्याच्या मुलाचा फोटो अबोलीपुढे धरला. तिने पाहिलाच नाही. म्हणाली, "बाबा, मला माणसं ओळखता येत नाहीत. तुम्ही पारखलंय ना, मग हो सांगून टाका."

हो सांगितलं.