तो कुठे बोलतो

लाडक्या लॉरेटा,

आठवतं, कॉन्व्हेंटमधून बर्फातून घरी येताना आपण दोघी एकाच हातमोज्यात हात कोंबायचो?

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. निवृत्तीनंतर राहायला माझ्या अर्विनला ॲरिझोना हवं होतं, मला फ्लोरिडा. आता दोन्हीकडची घरं एकटीने पाहिली. त्याच्या लाडक्या ॲरिझोनात तो गप्पच राहिला. फ्लोरिडातल्या घरात शिरले, तर कानाशी कुरकुरला, "अगं बाई, इथल्या दमट हवेत टॉवेलसुद्धा वाळायचा नाही!" म्हणून तेच घेतेय. हसू नकोस.

तिकडे मिनेसोटात जमीन अजून गोठलेलीच ना? म्हणजे खणता येईपर्यंत त्याची शवपेटी दफनभूमीच्या त्या थंड कोठडीतच.

बर्फाचं फावडं तुझ्या डुएनला दे, माझे लोकरी बूट तू घे. अर्विनचा जाड कोट मात्र कुणाला देऊ नकोस. त्याच्या पेटीवर पांघर.

लांबून तुला बिलगणारी,
मार्गो