पंखातला खिळा

नळदुर्ग, खंडेनवमी, १९५९

अण्णांनी माझ्या विमानाच्या पंखात खिळा ठोकला. खिळा! लिंबू-मिरची टांगायला! आज हत्यारांची पूजा, मान्य. पण खिळा बसला त्याच एका लाकडावर पंखाचा सगळा भार. बाकी विमान भंगारातून जमवलं, हे मात्र बिनगाठीचं हवं म्हणून सोलापूरच्या वखारी पालथ्या घातल्या. आता त्याला हातभर चीर पडलीय. खिळा उपसला तर आणखी फाटेल. वडील असले म्हणून काय झालं? ओरडलोच मी, "काय केलंत हे! आता उडतंय व्हय हे?"

ते शांतपणे म्हणाले, "उडणार म्हणूनच नजर लागंल की रं. न उडणाऱ्याला कोण बघतंय?"

अख्खं गाव हसतं. हे उडेल असं मानणारा एकच माणूस, आणि खिळा त्यानंच ठोकावा!