तिसऱ्या खणातली डिस्क

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. दादा फाटकाशी उभाच होता, आणि बॅग घ्यायच्या आधीच म्हणाला की तू आलीस, आता मला काळजी नाही. हे वाक्य तो लहानपणापासून म्हणतो आणि निस्तरायला मला लावतो. तरी बरं वाटलं. भाचीने कमरेला मिठी मारली. पुढचे दात मोठे आलेत, आणि बोलते दादासारखीच, मध्ये श्वास न घेता. वहिनी गेल्यापासून घर भकास असेल असं वाटलं होतं, पण पोरीने माझी खोली झाडून ठेवली होती आणि उशीवर स्वतःचा कापडी ससा निजवला होता.

काम असं आहे. जिन्याखालच्या कोठीत वहिनीने हौसेने बसवलेला साठवणीचा डबा आहे, चार खणांचा, चार हार्ड डिस्कचा. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यात. तो बंद पडलाय. पोरीला आईचा आवाज ऐकायचाय, दुसरं काही नको. मी जन्मभर ऑफिसात हीच यंत्रं सांभाळली, तेव्हा आत्याबाईंना पाचारण झालं. होईल, कठीण नाही.

४ मार्च, मंगळवार

दादाने चारही डिस्क बाहेर काढून, ओल्या फडक्याने पुसून, एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. कुठली कुठल्या खणातली, देव जाणे. विचारलं तर म्हणाला, धूळ होती ना. कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर जुळवत बसले, प्रत्येकीला चिकटपट्टी लावली. तिसऱ्या खणातली मेलीय. पहिली कुरकुरतेय, म्हातारीच्या गुडघ्यासारखी.

अशा डब्याची युक्ती सोपी असते. प्रत्येक डिस्कचा थोडाथोडा हिशेब बाकीच्या तिघींकडे असतो. एक मेली तर तिच्या जागी कोरी डिस्क घालायची, मग तिघी मिळून गेलेलीला तिच्यावर पुन्हा लिहून काढतात. दोघी मेल्या की मात्र कारभार आटोपला. म्हणून आधी पहिलीची नक्कल काढायची आणि मगच पुढचं. कोऱ्या डिस्क मागवल्यात, त्या येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही असं दादाला बजावलं. त्याने मान डोलावली. गाढवापुढे वाचली गीता.

५ मार्च, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. 

मी दुकानातून येईपर्यंत दादासाहेबांनी माझ्या बॅगेतून माझी डिस्क काढली, तिसऱ्या खणात घातली आणि ‘दुरुस्त करा’चं बटण दाबलं. पडद्यावर इशारा आला होता म्हणे, की आतलं सगळं पुसलं जाईल. त्याला वाटलं, नेहमीचं काहीतरी असेल. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

त्या डिस्कवर माझा नवरा होता. तो गेल्यावर जे काही उरलं होतं ते सगळं. जुनी डिस्क गेल्या महिन्यात मेली, त्याआधी जेमतेम हिच्यावर हलवलं होतं, दुसरी प्रत काढायची राहिली होती. दादा म्हणतो, आपल्याला कोरी डिस्क हवी होती ना. अरे, ती कोरी नव्हती.

जीव गेला तरी त्याला माफ करणार नाही.

६ मार्च, गुरुवार

वहिनीचा आवाज आला. पोरगी पडद्याला गाल लावून बसली आणि इतकी रडली की माझाच बांध फुटला. डबा अजून लिहितोय, निम्म्यावर आलाय. आता मध्येच थांबवलं आणि ती कुरकुरी डिस्क गेली, तर पोरीची आई कायमची गेली. माझं तर गेलंच आहे. चालू दे म्हटलं.

जे होतं ते डोक्यात तरी आहे. चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधायचा. मी चिडले की मला शिटी झालेला कुकर म्हणायचा. दवाखान्यातून शेवटचा निरोप पाठवला, येताना वर्तमानपत्र आण, जुनं असलं तरी चालेल. हे कुठलं यंत्र पुसणार?

दादाशी बोलत नाही. पाणीसुद्धा माझं मी घेते.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी पोरीची वेणी घालताना तिच्या मानेवरच्या तिळावर बोट टेकवून मी ‘टिंग’ म्हटलं. ती दचकली. म्हणाली, आई असंच करायची. मला हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. कोठीतला डबा घरघरत होता.

नवरा आंघोळीला जाताना एक शीळ घालायचा. रोज तीच. आज ती काही केल्या आठवेना. वय झालं असेल.

नाही. कालचं लिहिलेलं वाचलं. चष्मा, कपाळ. वाचलं, कळलं, पण चेहरा येत नाही.

८ मार्च, शनिवार

दादाला सांगितलं, त्या डिस्कबरोबर मीही पुसली जातेय, मी ती काढतेय. वेडी म्हण, काय हवं ते म्हण. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला की काल स्वयंपाकघरात तू वळलीस तेव्हा क्षणभर वाटलं, तीच. म्हणाला, थोडंच राहिलंय, होऊ दे, पोरीसाठी.

त्याला माहीत आहे. त्याला माझ्याआधी कळलंय.

कोठीला कुलूप लावलंय त्याने. किल्ली खिशात. मी त्याला आईवरून, बापावरून नको नको ते बोलले, दोघांचे आईबाप एकच हे विसरून. त्याच्या डोळ्यांत पाणी, पण हात खिशावर. ह्याच्यासाठी मी किती वेळा मार खाल्ला लहानपणी. सख्खा भाऊ माझा.

९ मार्च

मेन स्विच बंद करायला गेले. परत आले तेव्हा हातात पोरीचे वाळलेले मोजे होते, घड्या घातलेले. पुन्हा गेले. पुन्हा मोजे.

राग आहे अजून. वहिनी कधी कुणावर चिडली नाही. तेव्हा हा राग माझा. तो आहे तोवर मी आहे. धरून ठेवायचा.

१० मार्च

तो उंच होता — नाही, मध्यम — दादासारखा — नाही, दादा वेगळा —

वर्तमानपत्र कोणी मागितलं होतं?

चिडायचं. दादाने माझं काहीतरी घेतलं. मोठं काहीतरी. विचारायला हवं, काय ते. पण त्याचा चेहरा बघितला की वाटतं, दमलाय किती, जेवला नाही नीट —

चीड. चीड ना, बाई —

११ मार्च

छान झोप लागली. डब्याचे चारही दिवे हिरवे आहेत, उगाच घाबरले होते हे. पोरगी मात्र शाळेत जायला तयार नाही. दाराआडून माझ्याकडे बघत राहिली. आत्या कुठे आहे, एवढंच विचारते. जवळ घेतलं तर अंग चोरलं, रडली, म्हणाली आत्याला बोलाव. तिच्यासाठी एवढं सगळं झालं आणि ही अशी का करते, कळत नाही. वरच्या खोलीत नणंदेची बॅग आहे, कपडे आहेत, आणि चपला दाराशीच. अनवाणी कुठे जाईल ती? मघाशी ह्यांना विचारलं. हे डोळ्याला डोळा देत नाहीत. भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाले, की ती आता परत येणार नाही.