ट्रक अजून डोंगरावरच आहे

चि. थिओफिल यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. ग्वादलूपची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असं ऐकलं, बरं वाटलं. बायकोला विचारलंय म्हणून सांग (तिनं पाठवलेला साबण पोचला, वास फार आहे). माझं उत्तम चाललंय. एक दात उरलाय, तो चांगला आहे.

आपल्या डोंगरावर खडीची खाण काढायची म्हणतायत. सिसेरू पोपटांचं राखीव रान तिथून दगड भिरकावला तर पोचेल इतकं जवळ, आणि गावाचा झरा तर त्या डोंगराच्या पोटातूनच येतो. डोंगर गेला तर आम्ही प्यायचं काय, खडी? सरकारी माणसं मंगळवारी वर जाऊन बघणार आणि मग काय ते ठरवणार असं कळलं. पण रस्ता वादळात दरड पडून बंद, आणि शहरातली ती पोटं पायी कुठली चढायला? म्हणून शनिवारी मी कुदमे बोलावला. (तिकडे राहून विसरला असशील. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, आणि जेवलेल्यानं हात लावल्याशिवाय घरी जायचं नाही. मग तो फादर असला तरी.) चाळीस माणसं आली आणि दुपारपर्यंत रस्ता असा मोकळा केला की नवरी पांढऱ्या कपड्यात चालत न्यावी.

सोमवारी सकाळी त्या रस्त्यानं पहिलं कोण गेलं असेल? खाणवाल्यांचा भोकं पाडायचा ट्रक. दीड वर्ष त्याला वर जाता येत नव्हतं. वादळानं अडवलेला मेला, आम्ही घाम गाळून त्याला वाट करून दिली. शेजारची सेसील (माझं चुकलं की तिला दोन घास जास्त जातात) कुंपणाशी येऊन म्हणाली, "युलाली, खाणवाल्यांनी पगारावर ठेवलंय का गं तुला?" मी म्हटलं, "तोंड चालवतेस त्यापेक्षा केळी सोल." आणि तिथल्या तिथे दुसरा कुदमे बोलावला. दगड परत जागेवर.

नीरफणस, हिरवी केळी आणि खारवलेला मासा घालून मोठं पातेलं चढवलं. माणसं जेवायला बसली तोच खाणीचा साहेब, मिस्टर व्हिडाल, ट्रक वर ठेवून पायी खाली आला. चकचकीत बूट, पोटात कावळे. त्याला वाटलं गावात कसला सण आहे. बस म्हटलं, बसला. दोन वाडगे रस्सा प्याला, वर माझ्या हाताची तारीफ केली (माणूस वाईट नाही, धंदा वाईट आहे). मग सेसीलनं विचारलं, "पोट भरलं ना साहेब? मग उठा आता." तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. चाळीस माणसं नुसती बघत उभी राहिली तेव्हा बिचाऱ्यानं बाह्या सरसावल्या.

तिसऱ्या दगडाला त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अहो आजी, पण माझा ट्रक वर आहे."

"हो का? मग तो मोठा आधी घ्या," मी म्हटलं.

मंगळवारी सरकारी माणसं, वर ट्रक अडकलाय असं मी सांगितल्यावर, धापा टाकत पायीच चढली. ट्रक राखीव रानाच्या पाटीच्या आत उभा, शेजारी ताजी दोन भोकं. वहीत पुष्कळ लिहून घेतलं त्यांनी. सुनावणी पुढच्या महिन्यात, चर्चच्या हॉलमध्ये. आपण जिंकलोच असं समज.

तुझी ताई,
युलाली

ता. क. वरच्या जमिनीवर बापानं आपल्या दोघांची नावं घातलीत ते आठवतं ना? ती खाणीला द्यायला दोघांपैकी एकाची सही मिळाली तरी भागतं, असं खाणवाल्यांच्या वकिलानं शोधून काढलंय. व्हिडाल पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतोय. कॉफी दे, सही देऊ नकोस.

ता. क. दुसरा. ताई फार कणखर आहे असं समजू नकोस. जानेवारीत त्यांनी घराला नवं छप्पर देऊ केलं तेव्हा मी कागदावर पेन टेकवलं होतं. उमटेचना. त्यांचा माणूस गाडीतून दुसरं आणायला गेला, तेवढ्यात मला अक्कल आली. तुझ्या घरची पेनं चांगली असतात, म्हणून हे पत्र घाईनं टाकतेय.