तीन मॉनिटर आणि डावं वळण

सोमवार, ३ जून
आजपासून मोटार रेसिंगचा गेम तीन मॉनिटरवर. मधला माझा, डावीकडचा बाबांचा, उजवीकडचा दादाचा. वायरी मीच जोडल्या, कुणाला विचारलं नाही. दादाची अट: रविवारी आळीपाळीने एकेक फेरी मारायची. मी हरले तर मॉनिटर ज्याचे त्याला परत. लगेच कबूल केलं. बिचारा.

मंगळवार, ४ जून
रस्त्याच्या डावीकडची झाडं उजव्या स्क्रीनवर दिसतात. बाबा म्हणाले, काहीतरी उलटं वाटतंय. मी शांतपणे समजावलं की सवय नसली की असं वाटतं. ते चष्मा पुसत गेले. फार वाईट वाटलं. मागून जाऊन सॉरी म्हटलं. मुद्दा मात्र सोडला नाही.

गुरुवार, ६ जून
युक्ती सापडली. डावं वळण आलं की उजवीकडे बघायचं! आता अगदी अंगवळणी पडलंय. मागच्या गाड्यांना साइडही देते. खेळ झाला म्हणून काय झालं. त्यामुळे शेवटची येते, पण गाडीला एक ओरखडा नाही.

शनिवार, ८ जून
मान आखडली. आईने शेक देताना विचारलं, हा खेळ बसूनच खेळतात ना? तयारी पूर्ण. दादा हरला तरी त्याला टोमणे मारायचे नाहीत, असं ठरवलं.

रविवार, ९ जून. दुपार
दादा बसला, थांबला, टेबलामागे वाकला आणि डाव्या-उजव्या मॉनिटरच्या वायरींची अदलाबदल केली.
“ठमे, आठवडाभर असंच खेळलीस?”
मी म्हटलं, मुद्दाम. सरावासाठी.
त्याची फेरी छान झाली. मग मी. पहिलंच डावं वळण, मी सवयीने उजवीकडे बघितलं आणि थेट भिंतीत. दुसऱ्यालाही तेच. नंतर आई म्हणाली, मला बघू दे जरा. जन्मात पहिल्यांदा बसली आणि दादापेक्षाही कमी वेळात फेरी संपवली. कसं, विचारलं.
“समोर रस्ता होता. तोच बघितला.”

सोमवार, १० जून
दोन्ही मॉनिटर पुसून परत केले. खरं कौशल्य एकाच स्क्रीनवर दिसतं, हे मला आधीपासून माहीत होतं. फक्त डावं वळण आलं की मान अजून उजवीकडे जाते. तिथे आई खुर्ची घेऊन बसलेली असते. म्हणते, तुझं झालं की ऊठ, मला खेळायचंय.