कडोदरा रोडवरची माझी सायकल

६ जानेवारी १९९७, सोमवार

आज परत खाली उतरवलं मला! डांबरावरून सरळ चिखलात. तोच तो लाल पट्ट्याचा टेम्पो. परवत पाटियाच्या पुढे आले, मागून हॉर्न. एकदा नाही, धरूनच ठेवलेला. मी अजून किती कडेला जाऊ? कडेला गटाराचं खोदकाम, त्यापलीकडे भिंत. भिंतीत शिरू का? तरी हॅन्डल वळवलं, चाक मातीत रुतलं आणि मी कोपरावर. टेम्पो थांबला नाही. मागे कापडाच्या ताक्यांच्या गठड्यांवर बसलेला हमाल माझ्याकडे बघून हसत होता. हसत होता मेला!

घरी सांगितलं, कारखान्याच्या पायरीवरून पडले. मायनं हळद लावली. आबा कोपराकडे बघत राहिले.

आबांची अट पहिल्या दिवशीच सांगून झालीय — "कोणी रस्त्यात काही बोललं, काही झालं, त्या दिवशी सायकल बंद." सायकल बंद म्हणजे नोकरी बंद. शटल रिक्षा आहेत, पण ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला दोन-दोन, मागे पाच, आणि कुणाचा हात कुठे असतो ते देवालाच ठाऊक. सहा दिवस गेले होते त्यातून. सातव्या दिवशी सायकल मागितली.

सुरतेत, नवागाममधल्या आमच्या गल्लीत लूमच्या कारखान्यात खुर्चीवर बसून काम करणारी मी एकटी पोरगी. ताक्यांची आवक-जावक मी लिहिते. शेठ मला "चंचलबेन" म्हणतो. ते मी एका टेम्पोवाल्यासाठी सोडणार नाही.

८ जानेवारी

आज ऐकलेलं, जसंच्या तसं —

रिक्षावाला: "ए बेन, साइडमां! मरवुं छे?"

पांढरी गाडी, काच खाली करून, मुद्दाम: "घर जा के रोटी बना."

बसच्या कंडक्टरनं दारात उभा राहून पत्र्यावर थाप मारली, माझ्या कानाजवळ. पुढची दहा मिनिटं ब्रेक दाबूनच चालवत होते.

११ जानेवारी

उषाबाईंना सांगितलं. त्या आमच्या कारखान्यात कापडाच्या घड्या घालतात, विदर्भाकडच्या. म्हणाल्या, "कडेनं चालशील तर ढकलतीलच. हातभर आत चाल. मग त्यांना थांबावंच लागतं."

संध्याकाळी हातभर आत चालले. थांबावं कुठलं लागतंय! एका ट्रकनं मागच्या मडगार्डला जवळजवळ नाक लावलं आणि अर्धा किलोमीटर तसाच आला, भोंगा वाजवत. पाठ अशी ताठ झाली की घरी आल्यावर वाकून चप्पल काढता येईना.

उद्यापासून परत कडेनं.

१४ जानेवारी

उत्तरायण, आपली संक्रांत. कारखाना बंद. रस्ता नाही. हाश!

१५ जानेवारी

पतंग कापले तरी मांजा तारांना लटकतोच. ओढणी गळ्याभोवती तीन वेढे घालून गेले. आज गाड्यांपेक्षा दोऱ्याची भीती जास्त. एका परीनं बरं वाटलं! दोरा निदान मुद्दाम तरी करत नाही.

२० जानेवारी, सोमवार

काय करून बसले मी. लिहिताना पण राग येतोय.

सकाळी लाल पट्ट्याचा टेम्पो मागून आला. या वेळी घासूनच गेला — आरसा माझ्या हॅन्डलला लागला, सायकल डावी-उजवी झाली, कशीबशी सावरली. पुढे चौकात उसानं भरलेली ट्रॉली आडवी झालेली, सगळं ठप्प. टेम्पो अडकला. मी गाड्यांच्या मधून सायकल घातली आणि थेट त्याच्या खिडकीशी. ड्रायव्हर पोरगाच, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, मस्त तंबाखू मळत बसलेला.

मला वाटलं, असेल काठियावाडी नाहीतर यूपीवाला. म्हणून अहिराणीतच सुटले. मी रस्त्यावर नेहमी अहिराणीतच शिव्या देते — पोट मोकळं होतं आणि कुणाला कळत नाही. म्हटलं, "डोया फुटनात का रे तुना! गाडी हाकस का रेडा हाकस? मरी जाय तठेच!"

तो थांबला. तंबाखू तशीच हातात. मग म्हणाला —

"कोन गावनी शे तू?"

आणि मी सांगितलं! पारोळ्याकडचं आमचं मोंढाळे सांगितलं. "कोनी आंडेर?" म्हणाला, कुणाची लेक, तर लोटू आबांचं नाव सांगितलं. नवागामची गल्लीसुद्धा सांगितली! आपल्या बोलीत कुणी गाव विचारलं की तोंड आपोआप उघडतं. लहानपणापासून तेच करत आलोय — लग्नात, रेल्वेत, दवाखान्याच्या रांगेत. गाव विचारलं की गाव सांगायचं. मेंदू मागून येतो.

तो म्हणाला, "मी दळवेलना. धर्मेंद्र." आणि हसला. ट्रॉली हलली, तो गेला.

शिवी ऐकलेला माणूस, आणि त्याच्याकडे माझ्या बापाचं नाव आणि घरचा पत्ता. चंचल, तुझ्यासारखी शहाणी तूच!

२१ जानेवारी

दार वाजलं. उघडायच्या आधी फटीतून बघितलं. दूधवाला होता.

२३ जानेवारी

आता तो घासून जात नाही. त्याहून वाईट करतो. माझ्या मागे राहतो, सायकलच्या चालीनं. त्याच्या मागे सगळ्यांची रांग लागते आणि सगळे मिळून माझ्यावर भोंगे वाजवतात. राखण करतोय म्हणे! मी हातानं इशारा केला, पुढे जा. त्यानं पण हात केला — नमस्कारासारखा.

२९ जानेवारी

आबांना अजून काही कळलेलं नाही. नऊ दिवस झाले. कदाचित विसरला असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

विसरला नव्हता.

दुपारी दोघं आले. तो, आणि त्याचे काका दगा आप्पा — डोक्यावर टोपी, हातात केळ्यांची पिशवी. मी पडद्यामागे. वाटलं, झालं, आता तक्रार. "तुमनी पोर रस्त्यात शिव्या देस." आणि आबा उठून सायकलला कुलूप घालतील. पडदा मुठीत आवळून उभी होते.

आप्पांनी आधी गाव काढलं. मग मोंढाळ्याला कोण दिलीय, दळवेलची कोण कुठं आलीय, कूळ कोणतं, मामाकुळ कोणतं. आबा खुलत गेले. अर्ध्या तासात नातं बसवून झालं. मग आप्पा म्हणाले, "आमना धर्मेंद्रले तुमनी आंडेर मांगाले उनूत."

मागणी! मला चिखलात पाडणारा माणूस मला मागायला आलेला!

आबांनी विचारलं, पोरगी कुठं पाहिली? धर्मेंद्र खाली बघून म्हणाला, "जाता-येता. कडोदरा रोडले." बाकी काही नाही. शिवीचं नाही, आरशाचं नाही, कोपराचं तर त्याला माहीतच नसेल. आप्पा म्हणाले, "पोर धीट शे." आणि लगेच — "पण लगीन झावावर सायकल नही चालाव. घरनी बाई रस्तावर दिसाले नको."

मायनं चहात साखर दुप्पट घातली, आनंदानं. मी चहा घेऊन बाहेर गेले. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कप असा ठेवला की बशीत सांडला.

५ फेब्रुवारी

माय दिवसभर मागे. "पोरगा दारू पेत नही. गावना शेजारना शे. आजून काय पाहिजे तुले?"

आबा शांतपणे म्हणाले, "हा म्हन का ना म्हन. पन ना म्हनशी ते कारन सांग."

कारण! कारण तर जिभेवर आहे. याच माणसानं मला दोनदा खाली पाडता पाडता ठेवलं, एकदा पाडलंच. पण ते सांगितलं की त्याच मिनिटाला सायकलला कुलूप. नाही सांगितलं तर लग्न, आणि मग आप्पांचं कुलूप. दोन्हीकडून कुलूप!

रडले. न्हाणीत, नळ सोडून.

६ फेब्रुवारी

सांगितलं, विचार करते. आबा म्हणाले, महिनाअखेरपर्यंत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मेले असते.

खाजगी बस, कडोदऱ्याकडे जाणारी, मला ओलांडून लगेच डावीकडे वळली. माणूस घ्यायला. मी बस आणि उभ्या ट्रकच्या मध्ये. खांदा पत्र्याला घासत गेला, ओढणी कशाततरी अडकली आणि टरकली. ओढणी फाटली म्हणून मी वाचले. कुणीतरी वरून ओरडलं, "आंधळी छे?"

रस्त्याच्या कडेला बसले. हातपाय माझे नव्हतेच. तेवढ्यात लाल पट्ट्याचा टेम्पो थांबला. धर्मेंद्र उतरला, पाण्याची बाटली दिली. मी घेतली. प्यायले पण.

तो म्हणाला, "रस्ता असाच शे. सायकलवालानी सोतानं सांभायाले पाहिजे." साधेपणानं म्हणाला, पाऊस पडतो तसं. वाईट बुद्धीनं नाही. तेच मला सहन झालं नाही.

म्हटलं, "तू चालव एकदा. माझी सायकल, माझा रस्ता, माझी वेळ. नवागाम ते कारखाना आणि परत. मग मी काय ते उत्तर देईन."

तो हसला. "बस? शायले मी सायकलवरच जात व्हतू."

"शाळेत जायचास, पारोळ्याला टेम्पो नव्हते तेव्हा," मी म्हटलं.

ठरलं. पुढच्या गुरुवारी. त्या दिवशी वीजकपात, आबांच्या लूमच्या कारखान्याला सुट्टी असते, आबा घरीच. मी रजा घेईन. एकदा त्या हॉर्नपुढे त्याला सायकलवर बसू दे. मग मला काय म्हणायचंय ते त्याला बोलून दाखवावं लागणार नाही.

२६ फेब्रुवारी

माझ्या मनात काय आहे ते खरं लिहिते. मला तो आवडत नाही. पण बाटली देताना झाकण त्यानं आधीच उघडलेलं होतं, माझे हात बघून. हे पण खरं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सात. तो आला. इस्त्रीचा शर्ट! आबांना म्हणाला, पलीकडे जरा काम आहे, सायकल नेतो. आबांनी कौतुकानं दिली — जावई झालाच जणू. लेडीज सायकल, त्याचे गुडघे हॅन्डलला लागत होते. गल्लीतल्या बायका हसल्या.

पावणेनऊ. एव्हाना यायला हवा होता. मला जायला चाळीस मिनिटं लागतात.

साडेनऊ. नाही.

सव्वादहा. मायनं दोनदा विचारलं, कुठं गेलाय. मी म्हटलं, काम असेल. त्या उसाच्या ट्रॉल्या आज सकाळपासून चालू असतील. त्याला कुठं माहीत, बस डावीकडे वळण्याआधी कंडक्टर दारात येतो! ते बघायचं असतं. ते मी त्याला सांगितलंच नाही. काहीच सांगितलं नाही. मुद्दाम.

अकरा. देवा, तो मेला तर मी पाठवलंय. मी हट्टानं पाठवलंय.

अकरा वीस. सायकलची घंटी वाजली.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

आला. धडधाकट आला. शर्ट मागून मातीनं भरलेला, एक चप्पल तुटलेली. शेवटचे दोन किलोमीटर सायकल हातात धरून चालत आला, चालवायची हिंमत झाली नाही म्हणाला. मायनं पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला.

मला इतकं बरं वाटलं की मी हसणारच होते. वाटलं, आता कळलं. आता हा रोज ब्रेकवर पाय ठेवून जाईल. आता आप्पांना सांगेल, सायकल चालू राहू द्या.

तो माझ्याकडे वळलाच नाही. आबांच्या समोर खाली बसला आणि सगळं सांगितलं. सगळं! चिखल, आरसा, बस, फाटलेली ओढणी. स्वतःला एकदाही वगळलं नाही. "मीच पाडं हिले, आबा. गाडीमा बसं की सायकलवाला मानूस वाटत नही. आज मी बसनू तव्हय समजनं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाला, "हात जोडस. आंडेरले उद्यापासून त्या रस्ताले धाडू नका. लगीन करा का नका करू. पन धाडू नका."

आबांनी माझ्या कोपराकडे बघितलं. मग उठले, मागच्या चाकात साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात ठेवली. रागावलेसुद्धा नाहीत. आबांचा हात माझ्या डोक्यावरून फिरला, आणि मला किंचाळावंसं वाटलं.

एक शब्द खोटा नव्हता त्याचा. मीच पाठवलं, कळावं म्हणून. रस्ता त्याला कळला आणि सायकल माझी बंद झाली.

लग्नाला नाही म्हटलं. या वेळी कुणी कारण विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी सहा. कारखान्याला पायी निघतेय. सात किलोमीटर. माय उठलीय, डबा भरतेय, आबांना हाक मारलेली नाही तिनं.