फेट्यातले मामंजी

माय, आज दुपारी संग्रहालयातली पोरगी येऊन गेली आणि तेव्हापासून मी तुझ्याशीच बोलत बसले आहे. पोरगी चांगली आहे, तुला आवडली असती. चहा पिऊन झाल्यावर कपबशी स्वतः विसळून ठेवली तिनं. पुढच्या खोलीत मी सगळं मांडून ठेवलं होतं. कापडाच्या ताग्यांवरची रंगीत चित्रं, काड्यापेटीचं झाकण, पत्र्याचा बिल्ला, कॅलेंडरची पानं, येरमाळ्याच्या जत्रेतला मातीचा काठीवाला म्हातारा. शिवाय तू गेल्यावर, मी मास्तरीण म्हणून गावोगाव बदलीवर फिरताना जमवलेलं बाकीचं, तिकिटं, नाणी, एक पितळी पुतळा, काचेवर रंगवलेली एक तसबीर. एकाच माणसाची इतकी रूपं एका जागी बघून ती हरखून गेली. मग तिचा हात तुझ्या निळ्या कापडावर आला आणि थांबला. "आजी, हे कोण?" मी म्हटलं, "तेच." तिनं वाकून पाहिलं. म्हणाली, यांना तर फेटा आहे, अंगात बाराबंदी आहे, हे ते कसे असतील? कापड सुंदर आहे, आम्ही घेऊ, पण खाली नाव लावायचं तर खात्री पाहिजे, नाहीतर 'अनोळखी वृद्ध' असं लिहावं लागेल. उद्या सकाळी गाडी घेऊन येते म्हणाली. अनोळखी म्हटल्यावर मला रागच आला. पण तिचं तरी काय चुकलं? ज्यांच्यामागं सगळा देश चालला, त्यांचं नाव आपल्या घरात कधी कुणी घेतलंच नाही, आधी भीतीनं आणि मग नात्यानं. मीसुद्धा इथं लिहिणार नाही.

डोळे मिटले की भूमचं ते घर येतं. घर म्हणजे काय, पुढं दुकान, मागं चूल आणि मधे एक पडदा. पत्र्याच्या भोकातून ऊन खाली उतरलंय, त्या उन्हात कापडाचे बारीक तंतू तरंगतायत, वर जातायत, खाली येतायत, आणि दादांचं, तुझ्या धन्यांचं, हातमशीन चालतंय, थांबतंय, पुन्हा चालतंय. तू दाराच्या उजेडाला बसून काजं करतेयस. मी चिंध्यांच्या ढिगात लोळतेय आणि मला वाटतंय की ही दुपार संपणारच नाही. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं बार्शीला इंग्रजांचं. दादा कापड आणायला बार्शीला जात. येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सगळं गाठोडं सोडून दाखवावं लागे. गाठोड्यात नुसतं कापडच असे. चित्रं मात्र निजामाला चालत नसत, म्हणून ती दादांच्या अंगावर असत, बंडी आणि तिचं अस्तर यांच्या मधे, चार टाके घालून बसवलेली. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी ते बंडी काढून तुझ्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "बघ, आज कोण आलंय." तू दातानं दोरा तोडायचीस, अस्तर उसवायचीस आणि आतून म्हातारा निघायचा. कधी चरख्यापुढं बसलेला, कधी काठी टेकत निघालेला, दादांच्या घामानं थोडा ओला झालेला. तू ते चित्र पदरानं टिपून उन्हाला ठेवायचीस.

त्यांचं राजकारण तुला कितपत कळत होतं, मला सांगता येणार नाही. तुझी काळजी वेगळीच होती. "येवढा थोर माणूस अन् अंगात सदरा न्हाय?" तू दर वेळी नव्यानं विचारायचीस. "त्यास्नी शिंपी न्हाय का कुणी?" दादा समजावत, "अगं, गरिबाला अंगभर मिळंना म्हणून त्यांनी आपणहून सोडलाय." त्यावर तू सुई थांबवून म्हणालीस, "समद्यांनी असाच सोडला तर आपण काय खावं?" दादा मशीनवर डोकं टेकवून हसत राहिले. मला ते हसू अजून ऐकू येतं, मशीनचा आवाज विरून गेला तरी. पण तू हसली नव्हतीस. तुला त्या उघड्या डोक्याची धास्ती वाटायची. आपल्या गल्लीत पुरुष उघड्या डोक्यानं दिसला की घरात कुणीतरी गेलंय असंच समजायचं. असलं अशुभ रूप कुणी छापतंच कशाला, असं तुला वाटे. येरमाळ्याच्या जत्रेत कुंभारणीनं देवीच्या मूर्तींमागं तो मातीचा म्हातारा दडवून ठेवला होता. तुला तो हवाच होता. तू तिथंच झाडाखाली बसून तिच्या पोरीला खणाची चोळी शिवून दिलीस आणि त्याला घेऊन आलीस. घरी आल्यावर आधी त्याच्या खांद्यावर एक चिंधी गुंडाळलीस. ती चिंधी अजून आहे, माय. संग्रहालयातल्या पोरीनं ती काढू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं.

आणि मग ते कापड. अस्तरातून उरलेला निळा तुकडा तू बाजूला काढलास आणि उन्हाळाभर पडद्यामागं बसून भरत राहिलीस. मला बघू दिलं नाहीस. दिवाळी झाल्यावर एक दिवस तू तो देवळीशेजारच्या भिंतीवर ठोकलास, आणि तिथं म्हातारा होता. बाराबंदीच्या गाठीसुद्धा भरलेल्या, चष्म्याच्या जागी काजं करावीत तसे दोन गोल टाके, आणि डोक्याला तांबडा फेटा, तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचे धागे ओढून केलेला. फेटा जरा वरच बसला होता, खालून दोन्ही कान बाहेर आलेले. दादा मशीनवरून उठून जवळ आले. "हे असं न्हायत गं ते," एवढंच म्हणाले. तू म्हणालीस, "आपल्या घरात असंच ऱ्हातील." मला त्या वेळी ते बरोबरच वाटलं. पाहुणा घरी आला की त्याला फेटा बांधतातच.

पलीकडून त्या साली इंग्रज गेले होते, इकडं निजाम होताच, आणि ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा आपल्या गल्लीत झडत्या सुरू झाल्या. पेठेतल्या एका माणसाच्या घरात तसलं एक चित्र सापडलं म्हणून त्याला दिवाळीआधीच नेलं होतं आणि तो परत आलेला नव्हता. दादा बार्शीला गेलेले, उन्हं कलल्यावर यायचे. पोलिसांचे अमीनसाहेब गल्लीत शिरल्याचं कळलं तेव्हा तू मला उचलून वाकळेवर टाकलंस. सगळी चित्रं तू वाकळेतच शिवून टाकली होतीस, मातीचा म्हातारा ज्वारीच्या डब्यात दडवला होतास. "ताप आलाय म्हण," तू माझ्या कानात म्हणालीस, "अन् हलू नगंस, आतली कुरकुरत्यात." भिंतीवरचं कापड काढायला तुला वेळ होता. तू हातही वर नेलास. पण काढलं नाहीस. मी डोळे अर्धे मिटून पडले होते आणि मला पापण्यांच्या फटीतून सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं, अमीनाची तुमान, शिपायाचा पट्टा, उधळलेले तागे. मग अमीन भिंतीपुढं थांबला. "ये कौन है?" त्या क्षणी तू जे उत्तर देशील त्यावर दादा संध्याकाळी जेवायला घरी असतील की नाही हे ठरणार होतं, इतकं मला त्या वयातही कळत होतं. मी श्वास घेतला की खालचे कागद कुरकुरत होते.

तू पदर नाकापर्यंत ओढलास, भिंतीपासून दोन पावलं मागं सरलीस, मान खाली घातलीस. सासऱ्यासमोर सून उभी राहते अगदी तशी. "मामंजी हायत माजे," तू म्हणालीस. अमीनानं शिपायाकडं पाहिलं. तो शिपाई आपल्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा, त्याचे सदरे दादाच शिवत. माझे खरे आजोबा त्यानं चांगले पाहिले होते. ते अंगानं आडवे होते, भरघोस मिशांचे, आणि चष्मा त्यांनी जन्मात लावला नव्हता. शिपाई त्या दोन गोल टाक्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हां साब, दर्जी का बाप है. मैंने देखा है. गुजर गए बेचारे." अमीन आणखी थोडं इकडचं तिकडं करून निघून गेला. शिपाई जाताना खाली पडलेला एक तागा उचलून फळीवर ठेवून गेला. तू मात्र पदर खाली केला नाहीस.

नंतरही नाही केलास. त्या भिंतीपुढून जायचं झालं की तुझा हात आपोआप डोक्याकडं जायचा. त्यांच्यासमोर तू पाय पसरून बसली नाहीस, मोठ्यानं बोलली नाहीस, दादांवर चिडलीस तरी पडद्यामागं जाऊन चिडलीस. मी विचारलं, "माय, आता तर अमीन गेला ना?" तू माझी वेणी घालत होतीस. म्हणालीस, "एकडाव मामंजी म्हटलं ना? गरजंपुरतं नातं अन् मग न्हाय, असं असतंय व्हय?" तुझ्या आवाजात जरा लाज होती, नव्या सुनेची असते तशी.

संक्रांत होऊन गेली होती, डब्यात तिळाच्या वड्या अजून होत्या. त्या दिवशी दादा बार्शीहून लवकर आले, गाठोड्याशिवाय. त्यांनी बंडी काढून तुझ्याकडं दिली नाही. दारातच उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तू भाकरी थापत होतीस. तू त्यांच्या उघड्या डोक्याकडं पाहिलंस, हात परातीत तसेच ठेवलेस आणि म्हणालीस, "मामंजी गेले." दादांनी मान हलवली. बाहेर त्यांच्यासाठी रडायची सोय नव्हती, पण सासऱ्यासाठी रडायला कुणाची परवानगी लागत नाही. तू चुलीतली लाकडं बाहेर ओढून पाणी मारलंस आणि रडायला बसलीस. शेजारची आली, "कोण गेलं गं?" म्हणाली. तू म्हणालीस, "सासरा." माझ्या आजोबांच्या तेराव्याला तीच बाई आपल्या घरी जेवून गेलेली. तिनं भिंतीकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं आणि घरी गेली. थोड्या वेळानं दुरडीत पिठलं-भाकरी घेऊन आली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. मयताच्या घरी आणतात तसं सगळ्या गल्लीनं आपल्याला जेवू घातलं. "खावा बायांनो, उपाशी ऱ्हाऊ नये," म्हणत त्या सगळ्या डोळे पुसत होत्या. शिपाई फाटका सदरा घेऊन आला, दादांजवळ ओट्यावर बसून राहिला आणि सदरा न देताच परत गेला. त्या दिवसाचा उजेड मला पिवळा आठवतो, जुन्या कागदाचा असतो तसा. खरा तो कसा होता कुणास ठाऊक.

आता खरं सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले. ती पोरगी गेल्यावर मी कापड मांडीवर घेतलं आणि दादांची उसवायची कात्री काढली. मला वाटलं, फेटा काढला तर खाली निळं कापड राहील, त्यावर चार टाके घालून टक्कल करीन, म्हणजे उद्या कुणाला शंका येणार नाही आणि ते स्वतःच्या नावानं तिथं जातील. कानाजवळचा एक तांबडा धागा कापला, ओढला. खाली निळं नव्हतं, माय. खाली तपकिरी दोऱ्यानं भरलेलं डोकं होतं, बारीक टाक्यांनी, चकाकतं, मागं थोडे पांढरे केससुद्धा. कान तर त्याच डोक्याचे होते. म्हणजे तू त्यांना आधी, ते होते तसंच भरलं होतंस. सगळा उन्हाळा त्या उघड्या डोक्यावर घालवलास आणि मग वरून फेटा बांधलास. कधी बांधलास? उघडं डोकं तुला बघवेना म्हणून बांधलास, की पेठेत काय चाललंय ते कानावर आलं आणि दादांसाठी बांधलास? इतकी वर्षं मी लोकांना हसत सांगत आले की माझ्या आईला बिचारीला यातलं काही कळत नव्हतं, भोळेपणी तिनं फेटा भरला.

खिडकीतून ऊन आत आलंय, आता कापडावर आहे, थोड्या वेळानं सरकेल. मी कात्री ठेवून दिली आहे. उद्या ती आली की कापड देईन, फेट्यासकट. हे कोण, ते मी तिला पहिल्यापासून सांगेन, अमीन, शिपाई आणि दुरडीतल्या भाकऱ्या सगळं, आणि तिला म्हणेन की खाली लिही, भूमच्या एका शिंपिणीचे सासरे, आणि मग कंसात त्यांचं नाव तूच लिही, मला घेता येत नाही. हा कागद मात्र तिच्याकडं जाणार नाही. तो वाकळेत शिवून टाकते, तुझ्या बाकीच्या गोष्टी राहायच्या तिथं. आणि तो एक धागा मी परत घातलाय, माय. बराच वेळ लागला, सुईत तो जाईना. पण नीट बघणाऱ्याला कळेल, कानाजवळचा तो टाका तुझ्या हातचा नाही.